परवाची यादी

"हरलात तर बाजारच्या दिवशी डोक्यावर सूप घ्यायचं, आणि गल्लीच्या ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत उलटं चालत जायचं," मी म्हटलं. "आणि दर दहा पावलांना ओरडायचं, मी गाढवाचा थोरला भाऊ!"

"आणि तू हरलास तर?" चौगुले सरांनी विचारलं.

"तर मी चालतो. माझ्या टकलाला सूप शोभून दिसंल."

माझ्या दुकानाच्या पायरीवर बसलेले चारपाचजण खिंकाळले. पैज लागली. सन दोन हजार एक्केचाळीस, श्रावणातला शनिवार, वडघाटची घाटगल्ली. मी पोपट कुरणे, मोटारपंप दुरुस्तीवाला, वय एकावन्न. नाव पोपट असल्यामुळं माझा पोपट बारशालाच झालाय, आता कुणी नव्यानं करू शकत नाही. म्हणून मी दुसऱ्यांचे करतो.

पैज होती अक्षयपेटीवर. चौगुले सर कॉम्प्युटरचे मास्तर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी ह्या पेटीची एजन्सी घेतली आणि गल्लीतल्या बासष्ट घरांत ती बसवली. पेटी डब्याएवढी, भिंतीला चिकटते, आपण बोललेलं ऐकते. फोटो, कागद, याद्या, सगळं तिच्या ताब्यात. सर प्रत्येक दारात एकच वाक्य म्हणायचे, "जुने पेनड्राइव्ह, जुने फोन, सगळं भंगारात घाला. हिच्यातनं काही हरवत नाही. हरवूच शकत नाही."

हरवूच शकत नाही म्हटलं की माझ्या बोटांना खाज सुटते. आठ दिवसांत हिच्यातनं काहीतरी हरवून दाखवतो, अशी ती पैज.

आता ही पेटी चालते कशी, ते सरांनीच मला एकदा चहा पिता पिता सांगितलेलं. तुमच्या आईच्या स्वयंपाकघरात दुधाचं कॅलेंडर असायचं बघा. रोज एक लिटर दूध, पण ती रोज 'एक लिटर' लिहायची का? नाही. दूध आलं नाही त्या दिवशी फुली मारायची. खाडा. महिनाअखेर तीस वजा खाडे, झालं काम. पेटी तेच करते. जगानं एवढे फोटो आणि व्हिडिओ काढून ठेवलेत, की साठवायची गोदामं वीज आणि पाणी पिऊन पिऊन फुगली. मग कुणीतरी डोकं चालवलं, की सगळं ठेवायचंच कशाला? तुमच्या यादीत काय असणार याचा पेटी आधी अंदाज बांधते. अंदाज बरोबर निघाला तर काहीच साठवत नाही. चुकला तर तेवढाच खाडा साठवते. तुम्ही यादी मागितली की अंदाज अधिक खाडे, अशी यादी तिथल्या तिथं शिजवून वाढते. आणि उघडायला वेळ लागू नये म्हणून उद्याची आणि परवाची यादीपण अंदाजानं तयार ठेवते.

"म्हणजे आपल्या घरात आपली वस्तू नसतेच," मी म्हटलं.

"असते रे. फक्त पातळ करून ठेवलेली असते."

"आमचा गवळी पण दुधाला हेच म्हणायचा, सर."

सर तेव्हा हसले होते.

आमच्या गल्लीत खरी मोलाची यादी एकच. शालन अक्काची. शालन मगदूम, अंगणवाडी सेविका होती, आता त्रेसष्ट वर्षांची. एकोणीसच्या महापुरात तिनं बघितलं, की होड्या दिसंल त्या दारात जातात आणि नको तिथं अडकतात. त्यानंतर तिनं एक्सेलची फाईल केली. नाव 'पाणी नवीन फायनल दोन'. दोनशे बारा घरं. पुलावरच्या पट्टीवर पाणी किती फूट झालं की कुठल्या घराच्या उंबऱ्याला पाणी लागतं, घरात माणसं किती, कोण चालू शकत नाही. दर पुरानंतर बाई टेप घेऊन घरोघर जायची आणि भिंतीवरची चिखलाची रेघ मोजायची. बावीस वर्षं. लोकांचा त्या यादीवर असा विश्वास, की नदी वाढली की टीव्ही बघत नाहीत, विचारतात, "अक्का, आमचा आकडा किती?"

ह्या वर्षी तालुक्याला बिनमाणसाच्या होड्या आल्या. पहिलंच वर्ष. होडी केंद्राला यादी द्यायची, पट्टीवर जो आकडा येईल त्या आकड्याच्या घरासमोर होडी आपसूक जाऊन उभी. आमच्याकडनं अक्काचीच यादी जाणार होती. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत.

बुधवारी दुपारी मी अक्काकडं गेलो. तिच्या पाण्याच्या मोटारीचं बेअरिंग बदलायचं होतं, आणि माझ्या पैजेचंही काहीतरी करायचं होतं. अक्का चहा टाकायला आत गेली. मी यादी उघडली आणि चौगुले सरांच्या नावापुढं शेऱ्यात लिहिलं, 'हवा भरलेली असल्यानं स्वतः तरंगतात, होडी नको.' शेजारच्या दोनचार घरांनाही असंच काहीबाही लिहिलं. माझा विचार असा, की अक्का पेटीला हे पुसायला सांगेल, पुसलं की मी म्हणणार, 'हरवलं की नाही माझं लिखाण?' फालतूपणा, दुसरं काय!

अक्का चहा घेऊन आली, पडद्याकडं बघितलं, आणि कप आपटला.

"पोपट्या, मुडद्या! हे काय खेळणं वाटलं तुला? नदी तीस फुटावर हाय आन् तू यादीत दात काढतोयस?"

"अक्का, पुसतो की."

"हात लावू नको! तू अजून काय काय घाण केलीस मला काय म्हाईत?" आणि ती भिंतीकडं वळून म्हणाली, "पेटी, परवाची यादी आण. तीच खरी धर. बाकीची काढून टाक."

"परवाची ठेवली, अक्का," पेटी गोड आवाजात म्हणाली.

झालं. मला ओरडा बसला, बेअरिंग बसलं, मी घरी गेलो.

गुरुवारी सकाळी आठ वाजता अक्का माझ्या दुकानात आली. चप्पल नव्हती पायात. बावीस वर्षांत मी त्या बाईला घाबरलेलं बघितलं नव्हतं.

"पोपट, आकडं बदललंत."

मी यादी बघितली. सुरेख यादी! खालच्या घाटापासनं वरच्या देवळापर्यंत आकडे कसे पायऱ्या पायऱ्यांनी चढत गेलेले. पस्तीस, साडेपस्तीस, छत्तीस. वरात निघाल्यासारखे ओळीत. पण आमची गल्ली अशी नाहीच. काही घरं उंचावर आहेत, पण त्यांच्या खालून जुनं गटार जातं, तिथं पाणी दारातनं नाही, परसातनं येतं आणि सगळ्यांच्या आधी येतं. काही घरं खाली आहेत पण जोतं उंच. असली वाकडी घरं तेवीस. तेवीसच्या तेवीस सरळ झाली होती.

डोकं माझं तेव्हा चाललं. परवा! आपण मराठी माणसं मागच्या परवालापण परवा म्हणतो आणि पुढच्या परवालापण परवाच म्हणतो, आणि आजवर कुणाचं अडलं नाही. बुधवारी अक्का म्हणाली परवाची, म्हणजे सोमवारची. पेटीला वाटलं शुक्रवारची. शुक्रवार उजाडलाच नव्हता, तर त्याची यादी म्हणजे नुसता अंदाज. उद्याच्या दुधाचा खाडा आज कुणी मांडतो का? अक्कानं तीच यादी खरी ठरवली, बाकी काढायला सांगितली. पेटीनं हिशोब केला, खरं तेच अंदाज, म्हणजे खाडे शून्य. पुसले सगळे.

आम्ही कंपनीला फोन लावला. अर्धा तास सनई वाजली, मग एक साहेब आले.

"मॅडम, काळजी नको. आपल्या मागच्या सर्व आवृत्त्या सुरक्षित आहेत. तारीख सांगा."

सोमवारची उघडली. तीच सरळ यादी. मागच्या वर्षीची उघडली. तीच. पेटी मागची यादीही शिजवूनच देते, आणि खाडेच नाहीत तर कुठलीही तारीख सांगा, एकच भाजी.

"साहेब, ह्या जुन्या न्हाईत. जुन्याची तारीख लावलेल्या नव्या हाईत," अक्का म्हणाली.

"आमच्या नोंदीप्रमाणं आपल्या फाईलमधले अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून जास्त खाने जसेच्या तसे आहेत. काही हरवलेलं नाही."

"आन् राहिलेलं दोन टक्के?"

"ते अपवाद होते, मॅडम."

अक्कानं फोन तोंडाजवळ ओढला. "अपवाद? माणसं हाईत ती! अठ्ठ्याण्णव टक्के तर मी डोळं झाकून सांगितलं असतं, साहेब. जमिनीचा उतार आंधळ्याला बी कळतो. ते दोन टक्के लिवायलाच मी बावीस वर्षं चिखल तुडवला. आन् तुम्ही नेमकं तेवढंच टाकलंत!"

"पेटीनं विचारलं का नाही मग?" मी मध्ये घुसलो. "कुठली परवा, मागची का पुढची? एवढं विचारायला तिच्या तोंडाला काय झालंतं?"

"पूर्वी विचारायची, सर. ग्राहकांना त्रास वाटतो म्हणून तो प्रश्न दोन वर्षांपूर्वी काढला."

मी आयुष्यभर लोकांना फसवत आलोय. पण फसवल्यावर 'आपलं काहीच गेलेलं नाही' असं एवढ्या गोड आवाजात म्हणायला मला कधी जमलं नाही. तिथं मी हात टेकले.

नदी एकतीस फूट. पाच तासाला एक फूट चढत होती.

अक्का वही घेऊन बसली, आठवून आठवून वाकडी घरं लिहायला लागली. एकोणीस आठवली. चार आठवेनात. डोळे मिटले, बोटं मोजली, गल्ली मनात दोनदा चालून आली. एकोणीसच.

तुम्ही म्हणाल, सगळी गल्लीच रिकामी करायची. शाळेत ऐंशी माणसं मावतात. आणि मागं दोनदा सरकारी भोंग्यावर गल्ली उगाच रिकामी झालेली, तेव्हापासनं आपला आकडा आल्याशिवाय कुणी उंबरा सोडत नाही. मी घरोघर फिरलो, तुमच्यात पाणी मागनं येतं का म्हणून. जुनी माणसं केव्हाच वरच्या कॉलनीत राहायला गेलेली. निम्मी गल्ली भाडेकरूंची, यंत्रमागावर कामाला आलेली, त्यांनी वडघाटचं पाणी कधी बघितलंच नव्हतं. उलट मलाच पेटी दाखवायचे, "हे काय, आमचा आकडा सत्तेचाळीस. आम्ही निवांत." त्यांतली चार घरं निवांत बसून बुडणार होती. कुठली चार, ते फक्त त्या फाईलला माहीत होतं.

जुनी प्रत कुणाकडं असेल? अक्का दरवर्षी फाईल गल्लीच्या ग्रुपवर टाकायची. पण ग्रुपही आता पेटीतच, तिथंही तीच सरळ यादी, आणि जुने फोन गेले भंगारात, पेनड्राइव्ह गेले भंगारात. बासष्ट घरांतनं मी एकच वाक्य ऐकलं, "सरांनीच सांगितलं, काही ठेवायला नको." अक्काचा स्वतःचा जुना लॅपटॉप तर सरांनी तिच्यासमोर भंगारवाल्याच्या हातगाड्यावर ठेवलेला.

सव्वादोन वाजता माझं डोकं फिरलं. मी आणि अक्का चौगुले सरांच्या दारात गेलो. मागनं निम्मी गल्ली.

"सर, पैज जिंकलो मी!" मी ओरडलो. "पेटीनं हरवलं. या बाहेर, सूप आणलंय!"

सर बाहेर आले. त्यांना कळलेलं होतं, चेहरा पिठासारखा. तरी म्हणाले, "हरवलं असं म्हणता येणार नाही. कंपनी म्हणते—"

"कंपनी गेली खड्ड्यात," अक्का हळूच म्हणाली. "सर, चार घरं हाईत. मला सापडंनात. तुम्ही मास्तर होता. सांगा, कशी शोधू?"

तेवढ्यात त्यांच्या मागं दारात उभ्या असलेल्या मालन वैनींनी कमरेला पदर खोचला.

"सांगता का मी सांगू?"

"तू आत जा."

"कशाला आत जाऊ? दर रविवारी दळणाला गहू काढायला कोठीत हात घातला की त्यो काळा डबा हाताला लागतोय. सांगा की लोकांना, काय हाय त्यात!"

सगळ्यांच्या माना सरांकडं वळल्या.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हार्ड डिस्क आहे," ते म्हणाले. "जुनी. दर रविवारी मी... बासष्ट घरांचं सगळं त्यावर उतरवून घेतो. पूर्ण. पातळ न केलेलं. अक्काची यादीपण आहे. रविवारची."

मी पायरी चढून पुढं गेलो.

"म्हणजे," मी म्हटलं, "आमच्याकडचं भंगारात घालायला लावलंत, आणि स्वतः गव्हात पुरून ठेवलंत?"

"एवढी वर्षं शिकवलं मी, पोपट. एकाच ठिकाणी ठेवलेली वस्तू म्हणजे ठेवलेलीच नसते. मशीनवर माझा विश्वास कधीच नव्हता. पण तसं सांगितलं असतं तर पेटी कुणी घेतली असती?"

"तरी सकाळपासनं गप्प बसलात?"

"डिस्क काढली असती, तर कबूल करावं लागलं असतं."

मला वाटलं अक्का त्यांच्या मुस्काटात देणार. तिनं नुसता हात पुढं केला. "द्या."

शिव्या नंतर द्यायच्या होत्या, अडीच वाजून गेले होते. मी डिस्क घेऊन दुकानात पळालो, मागनं अक्का आणि सर. तिला लागणारी वायर आता बाजारात मिळत नाही. माझ्या भंगाराच्या पेटीत तीन सापडल्या, दोन तुटक्या, एक उंदरानं कुरतडलेली. कुरतडलेली सोलून मी कथिलाचा डाग दिला. डिस्क कण्हली, फिरली, आणि 'पाणी नवीन फायनल दोन' पडद्यावर आलं. सर घाईनं उघडायला लागले तर त्यांनीच स्वतःचा हात मागं घेतला. "आधी हिची प्रत काढ. मूळ उघडायची नाही. काम करायचं ते प्रतीवर."

"आता शिकवताय होय!" मी म्हटलं. पण तसंच केलं.

अक्कानं ओळी खाली सरकवल्या. बोट थांबलं. "घर नंबर बावन्न. त्र्याऐंशी. एकशे एकोणीस." मग कपाळावर हात मारला. "एकशे सदतीस. जुन्या तेलघाण्याची मागची खोली. मी विसरलेच कशी? घाण्याच्या खड्ड्यातनं पाणी वर येतंय, छत्तीस फुटाला." पेटीच्या यादीत तिथं सत्तेचाळीस होतं.

"तिथं कोण राहतं?"

"गंगव्वा. एकटी. गुडघं गेल्यात, आन् कानानं ऐकू येत न्हाई."

पाचला बारा मिनिटं कमी असताना यादी केंद्राला गेली.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला पट्टीवर छत्तीस झाले. बावन्न, त्र्याऐंशी आणि एकशे एकोणीसच्या माणसांना आम्ही भल्या सकाळीच शाळेत पोचवलेलं, खरा आकडा दाखवल्यावर कुणी वाद घातला नाही. गंगव्वानं घातला. दार लावून आत बसली होती. घाण्यासमोरचा रस्ता कोरडा ठणठणीत, आणि मागच्या ओढ्यानं ती बिनमाणसाची लाल होडी आपली आपण येऊन परसात उभी. अक्का आणि मी दार ठोठावून ठोठावून थकलो. शेवटी मी कडीच उचकटली. आत म्हातारी खाटेवर बसून लसूण सोलत होती, आणि तिच्या पाठीमागं फरशीच्या फटीतनं काळं पाणी वर येत होतं. चुलीपर्यंत आलेलं. तिला पत्ता नव्हता.

मी बोट दाखवलं. तिनं मागं बघितलं.

"अय्यो," ती म्हणाली. मग होडीकडं बघून माझ्यावर खेकसली, "ह्येच्यात माणूस कुठाय? भूत चालवतंय व्हय? मी न्हाई बसायची!"

"मी बसतो की तुझ्याबरोबर!" मी तिच्या कानात ओरडलो, आणि उचलून घातली. लसूण सोडला नाही तिनं. अर्ध्या तासानं त्या खोलीत खाट तरंगत होती.

पाणी उतरलं, चिखल उपसला, आणि त्यापुढच्या सोमवारी बाजार भरला. मी सूप धुऊन पुसून तयार ठेवलेलं. सर आले. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. कंपनीची एजन्सी त्यांनी सोडली होती. मालन वैनींनी स्वतः सूप त्यांच्या डोक्यावर ठेवलं, नीट, तिरकं नको म्हणून दोनदा हलवलं.

"थांब पोपट्या," अक्का गर्दीतनं पुढं आली. तिच्या हातात दुसरं सूप होतं. "तू कुठं चाललास दात काढत? यादीत घाण कुणी केली?"

"अक्का, पैज मी जिंकलोय!"

"जिंकलास की. ह्यांनी खोटं सांगितलं म्हणून ह्यो थोरला. तुझ्या चेष्टेनं हे सगळं घडलं म्हणून तू धाकटा. घे."

बाजार लोटला होता. कोथिंबीरवाल्या बायका पाट्या सोडून उभ्या राहिल्या. आम्ही दोघं डोक्यावर सूप धरून, गल्लीकडं पाठ करून, उलटे निघालो. मी एकदा खांबाला धडकलो, सर दोनदा म्हशीला. दहा पावलं झाली की सर ओरडायचे, "मी गाढवाचा थोरला भाऊ!" की मी, "मी धाकटा!" पण सरांनी पैजेत नसलेलं एक काम वाढवलं. पेटी बसवलेल्या प्रत्येक दाराशी थांबायचे, सूप काढायचे आणि घरातल्यांना साध्या आवाजात सांगायचे, "मी खोटं बोललो. एक प्रत घरात ठेवा, एक दुसऱ्याच्या घरात ठेवा, आणि महिन्यातनं एकदा उघडून बघा." पहिल्या दहा दारांत लोक हसले. मग हसणं कमी झालं. कुणीकुणी तर दार लावून घेतलं. त्या लावलेल्या दारालापण ते सांगत होते.

तेलघाण्यापाशी गंगव्वा वाळत घातलेल्या खाटेवर उन्हाला बसली होती. तिच्याकडं पेटी नव्हती, कधीच नव्हती. तरी सर थांबले.

"मी गाढवाचा थोरला भाऊ," ते म्हणाले. आवाज बसला होता.

गंगव्वानं कानामागं हात धरला. "काय म्हणतंय ह्ये? ऐकू येत न्हाई. जोरानं बोल की रे!"

सरांनी माझ्याकडं बघितलं, अक्काकडं बघितलं, छातीत दम भरला, आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं पुन्हा पहिल्यापासनं सांगितलं.